बाग बघायची नाही, करायची आहे

प्रति,
राज्यातल्या महापालिका-नगरपालिकांचे उद्यान अधीक्षक,
गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष आणि सचिव,
कृषी विद्यापीठांच्या अवजारे विभागांचे प्रमुख,
यांस



तुम्हा तिघांना एकाच पत्रात गाठते आहे, त्याचं कारण सरळ आहे. उद्यान विभागात गेलं की म्हणतात, घरच्या बागेचं आम्ही काय करणार, सोसायटीला विचारा. सोसायटीत विचारलं की म्हणतात, गच्चीवर नको, बाहेर एवढ्या सार्वजनिक बागा आहेत की! आणि अवजारांच्या दुकानात गेलं की, असलं काही आपल्याकडे बनत नाही हो, बाहेरून मागवा. आपापल्या जागी तिघेही खरं बोलत असतील. माझं काम मात्र तिघांच्या मधे अडकून पडतं.

मला संधिवात आहे. गुडघे झिजतात तो नव्हे, ऱ्हुमॅटॉइड, ज्याला आयुर्वेदवाले आमवाताच्या जवळचा समजतात तो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सुरुवात बहुधा हाताच्या लहान सांध्यांपासून होते आणि दोन्ही हातांना सारखीच. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो दुपटी-तिपटीने जास्त. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, ब्लाउजची हुकं लागत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. मग तास-दोन तासांत हळूहळू बोटं मोकळी होतात. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या आहेत, त्यांनी रोग आटोक्यात राहतो; पण गोळीच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं, तो दिवस माझा नाहीच असं धरून चालायचं. ही माहिती सहानुभूतीसाठी देत नाही. पुढे ज्या गोष्टी मागणार आहे त्या कुठून आल्या ते कळावं, एवढ्यासाठी.

आधी एक सांगून टाकते. मला माळी नको आहे. बागेचा विषय निघाला की समोरचा माणूस अतिशय प्रेमाने हेच सुचवतो. आमचे सचिव म्हणतात, "काकू, तुम्ही खुर्चीत बसा, काय हवं ते सांगा, आमचा माळी करेल सगळं." मुलगा म्हणतो, "आई, तू फक्त सूचना दे." त्याने एकदा कोथिंबीर पेरली. अख्खे धणे मातीत टाकले, वरून पाणी घातलं आणि चार दिवसांनी विचारायला लागला की अजून काहीच कसं आलं नाही. धणा रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या आणि मगच पेरायचा, हे त्याला कोण सांगणार? मी सांगू शकले असते, पण मी ते सांगून करत नाही, हाताने करते. म्हणजे करत होते. आता बोटांनी रगडणं जमत नाही, म्हणून धणे जुन्या फडक्यात गुंडाळून जमिनीवर ठेवते आणि चपलेच्या टाचेने रगडते. आमच्या आजोळी असेच रगडायचे, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. सांगायचं एवढंच की बोटांचं काम टाचेवर टाकलं तर धण्याचं काही अडत नाही. अशी अदलाबदल जवळजवळ प्रत्येक कामात करता येते. फक्त काही अदलाबदली माझ्या घरात होतात आणि काहींची किल्ली तुमच्याकडे आहे.

आता उद्यान अधीक्षकांकडे वळते.

तुमच्या बागा मला आवडतात. पुण्याची सारसबाग असो, पु. ल. देशपांडे उद्यान असो, मुंबईची राणीची बाग असो, झाडं राखणारी माणसं तिथे आहेत हे दिसतं. गेल्या काही वर्षांत पुष्कळ ठिकाणी फाटकाशी उतार केले गेले, बाकं वाढली, कुठे कुठे चाकाच्या खुर्चीसाठी गुळगुळीत वाटही झाली. याबद्दल मनापासून आभार. पण ही सगळी सोय बाग बघण्याची आहे. ज्याला चालता येत नाही, वाकता येत नाही, त्याने यावं, बाकावर टेकावं, फुलं बघावीत आणि घरी जावं, असा त्यामागचा हिशेब दिसतो. आजारी माणसाला झाडाजवळ बसायचं असतं हे तुम्हाला पटलं आहे. त्याला झाड लावायचंही असतं, हे अजून कोणाच्या मनात आलेलं नाही.

शिवाय वेळेचं गणित. बहुतेक महापालिकांच्या बागा सकाळी लवकर उघडतात, दहा-अकराला बंद होतात आणि पुन्हा चार-साडेचारला उघडतात. फिरायला येणाऱ्यांसाठी हे अगदी योग्य आहे. पण माझ्यासारख्या माणसाची सकाळ सांधे सोडवण्यात जाते. माझे हात खऱ्या अर्थाने माझे असतात ते अकरा ते चार. थंडीत तर उन्हात बसलं की बोटं त्याहून मोकळी. नेमके तेव्हाच तुमच्या फाटकाला कुलूप असतं! पार्किन्सनच्या रुग्णांचंही असंच काहीसं असतं. गोळी लागू पडली की त्यांना काही तास बरे मिळतात आणि ते तास घड्याळात कुठे पडतील ते गोळीवर ठरतं, बागेच्या पाटीवर नाही. दुपारी बाग बंद ठेवण्यामागे सफाई, पाणी देणं, राखणदारांची जेवणं अशी कारणं आहेत, ती मला मान्य आहेत. पूर्ण बाग उघडी ठेवा असं म्हणतच नाही. एक कोपरा, एक फाटक, आठवड्यातले निदान काही दिवस. ज्या वेळी माळी पाणी घालत असतात त्याच वेळी आम्ही तिथे असलो तर उलट त्यांना दोन हात जास्त मिळतील. हात थोडे वाकडे असतील, ती गोष्ट वेगळी.

फाटकाचंही एक आहे. दुचाकी आत येऊ नये म्हणून लोखंडी पाइपांची वळणाची वाट करतात. दुचाकी थांबते का, हे तुम्हीच जाणता. चाकाची खुर्ची आणि वॉकर मात्र हमखास थांबतात.

त्या कोपऱ्यात काय हवं, तेही सांगते, कारण 'सूचना द्या' असं म्हटल्यावर नुसतं गाऱ्हाणं मांडलं तर तुम्ही फाइल बंद कराल. जमिनीपासून उंच वाफे हवेत. बसून काम करणाऱ्यासाठी वाफ्याची वरची कड साठ ते सत्तर सेंमीवर, उभ्याने करणाऱ्यासाठी पंच्याऐंशी ते नव्वदवर. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे गुडघे वाफ्याखाली जायला हवेत, म्हणजे वाफा विटांच्या भरीव हौदासारखा नको, टेबलासारखा हवा. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर रुंदी साठ सेंमीच्या पुढे नको, दोन्ही बाजूंनी पोचत असेल तर एकशेवीस. वाफ्यांमधली वाट निदान एकशेवीस सेंमी आणि खुर्ची वळवायची तिथे दीड मीटर. उताराला एकास बाराचं प्रमाण तर तुमच्या अभियंत्यांना पाठच असेल. वाफ्याच्या कडेला एक रुंद फळी, तिच्यावर कोपर टेकवता येतं, अवजार ठेवता येतं आणि उठताना धरता येतं. नळ वाफ्याच्या शेजारी आणि त्याला चाकाची मूठ नको, पाव वळणाने उघडणारी लांब दांडी हवी. ती मनगटाने, कोपराने, कशानेही ढकलता येते. दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो वजन, ते दोन बोटांवर पेलायचं नसतं. शेजारी नळ आणि हलकी प्लास्टिकची नळी असली की झारीचा प्रश्नच मिटला.

माझ्या घराजवळच्या बागेतल्या एका माळीदादांशी माझी जुनी ओळख आहे. गुलाबाची छाटणी कशी करायची ते त्यांनीच मला नव्याने शिकवलं. आधी सगळ्या फांद्या तोडत सुटायचं नाही. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा आणि त्याच्या थोडं वर, तिरका काप द्यायचा, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. हे मला आधीही माहीत होतं. त्यांनी शिकवलं ते असं की फांदी डाव्या तळहाताने खालून आधार देऊन ताणून धरायची आणि कात्री मिटायची नाही, फांदीच कात्रीच्या पात्यावर आणायची. निम्मा जोर वाचतो. विचारलं, हे कुठे शिकलात? कंबर दाखवत म्हणाले, "हिनं शिकवलं. वाकलं की उठता येत नाही, मग हळूच काम करायला लागतं." ते बहुधा कंत्राटावर आहेत, आज एका बागेत, उद्या दुसऱ्या. उंच वाफ्याची कल्पना सांगितली तर म्हणाले, तुमच्याआधी आम्हालाच द्या. म्हणजे ही मागणी फक्त आजाऱ्यांची नाही. तुमच्याच खात्यात पन्नाशीच्या पुढचे किती जण दिवसभर उकिडवे बसून तण काढतात, ते एकदा बघून घ्या.

आता सोसायटीच्या मंडळींना थोडं.

तुमची गच्चीची भीती खोटी नाही, हे आधी कबूल करते, कारण तुमच्याशी भांडताना लोक हेच विसरतात. ओली माती घनमीटरला दीड-दोन टन भरते. साठ सेंमी खोल मातीचा वाफा केला तर चौरस मीटरला एक टनाच्या आसपास ओझं येतं. राहत्या इमारतीच्या वापरातल्या गच्चीला भारतीय मानक चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा वरभार धरून चालतं. हिशेब उघड आहे. विटांचे हौद बांधून काळी माती भरणारा माणूस खरोखरच खालच्या मजल्यावाल्याच्या डोक्यावर बसतो. वर गळती.

पण मी हौद मागितलाच नव्हता. टेबलासारखा वाफा, पंधरा सेंमी खोलीचा, त्यात अर्धं कोकोपीट आणि अर्धं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. हे मिश्रण भिजलं तरी मातीच्या निम्म्याच्या आसपास वजन भरतं, म्हणजे चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो. तरीही तो तुळईच्या वर, भिंतीलगत ठेवावा आणि एकदा स्ट्रक्चरल इंजिनियरच्या नजरेखालून घालावा, हे माझंच म्हणणं आहे. वाफा पायांवर उभा असल्याने खालची फरशी दिसते, झाडता येते, पाणी झिरपलं तर लगेच कळतं. जमिनीवर दाटीवाटीने ठेवलेल्या कुंड्यांखाली काय चाललंय ते कळत नाही, आणि त्या कुंड्या मात्र सगळ्या सोसायट्यांना चालतात. पंधरा सेंमीत मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ उत्तम येतात. मेथी तर महिन्याच्या आत काढायला येते. वांगी-टोमॅटोला खोली जास्त लागते, ती मी ग्रो बॅगमध्ये लावीन, चाकांच्या स्टँडवर, म्हणजे उचलायला नको, ढकलली की झालं.

आणि हलक्या मातीचं हे काही कालपरवाचं खूळ नाही. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने काडीकचरा, पाचोळा यांतून सुपीक माती घडवण्याचं शास्त्र कोल्हापुरातून घरोघर पोचवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडावर गच्चीतली भाजी पिकवून दाखवत होते. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल असे प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात पाच ते दहा टक्के सूट देते. ओल्या कचऱ्याचं खत करायला तुम्हाला करसवलत मिळते. त्या खताचं करायचं काय, तेही मीच सुचवते आहे. ज्या दोन पिंपांत आपलं खत तयार होतं त्यांची झाकणं उघडायला मला कोणाला तरी हाक मारावी लागते, तेवढी कडी बदलून दिलीत तर रोज मीच हलवीन.

गच्चीच्या दाराचा उंबरठा आणि तिथलं ते अवजड कुलूप, याबद्दल वेगळा परिच्छेद लिहीत नाही. किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन दुपारी जेवायला जातो. तुम्हाला कळलं असेल.

सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा एका सभासदाने विचारलं होतं, "अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे का?" प्रश्न रागाने नव्हता, नियमात बसवायचा म्हणून होता. म्हणून त्याचंही उत्तर देते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. संधिवात नावाने नाही. सांधे वाकडे होऊन हालचाल कायमची अडली की तो चलनवलनाच्या अपंगत्वात मोजतात आणि मोजमाप चाळीस टक्क्यांपुढे गेलं तर योजनांचा लाभ मिळतो. माझा रोग मोजायला बसलं तर पंचाईत अशी की तो रोज वेगळा असतो. मंगळवारी बाटलीचं झाकण उघडत नाही आणि गुरुवारी मी गुलाब छाटते. तपासणीचा दिवस कुठला निघेल, त्यावर टक्के. म्हणून माझी विनंती आहे की वाफ्यासाठी प्रमाणपत्र मागूच नका. उंच वाफा ज्याला सोयीचा त्याने वापरावा, मग त्याचे गुडघे गेलेले असोत, नुकताच पक्षाघातातून उठलेला असो, पोटुशी असो की नुसता आळशी असो. आळशी माणसाने मेथी लावली तर सोसायटीचं काय बिघडणार आहे?

कायद्याचं नाव काढलंच आहे तर अजून एक. याच कायद्याचं 29वं कलम संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. सार्वजनिक जागा सुगम असाव्यात, हे आता सरकारच्या सदिच्छेवर राहिलेलं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. तरी मी हे पत्र न्यायालयाच्या जोरावर लिहीत नाही. कोर्टाने उतार मिळतो, मोकळं कुलूप मिळत नाही.

अवजारांच्या तज्ज्ञांनो, आता तुमची पाळी, आणि खरं तर माझी सगळ्यात मोठी आशा तुमच्यावर आहे.

आपलं खुरपं बघा. आखूड दांडा, लोखंडी पातं. ते उकिडवं बसणाऱ्या माणसासाठी घडलेलं आहे. ज्याचे गुडघे, घोटे, मनगट तिन्ही धड आहेत अशा माणसासाठी. दांडा बोटभर जाडीचा, लाकडी, गुळगुळीत. तो घट्ट धरायला मूठ पूर्ण मिटावी लागते आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या सांध्यांना सोसत नाही. शिवाय खुरपताना मनगट करंगळीकडे वळतं. या रोगात बोटं आधीच त्या बाजूला झुकत जातात. खुरपं त्यांना आणखी ढकलतं. मी काय केलं? एसी बसवणाऱ्या पोराकडून पाइपावर घालतात तो काळा फोम मागून घेतला, त्याची वीतभर नळी दांड्यावर चढवली आणि वरून सायकलच्या टायरची ट्यूब कापून ताणून बसवली. दांडा तीन-साडेतीन सेंमी जाड झाला, घामाने निसटत नाही, मूठ अर्धीच मिटते. दिसायला अगदी गबाळं आहे. पावसाळ्यात फोम पाणी पितो, मग तो काढून वाळवावा लागतो. पण त्याने मला वाफा पूर्ण करता येतो.

हे काम एसीवाल्या पोराच्या मेहेरबानीवर का चालावं? राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत. दापोलीचा वैभव विळा कोकणात घरोघर पोचला, हलका आणि दातेरी, म्हणून. आंबा देठासकट उतरवणारा नूतन झेलाही तिथलाच. परभणीत शेतकरी बायकांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम झालेलं आहे. म्हणजे दांडा, पातं, वजन आणि माणसाचं शरीर यांचा मेळ घालणं तुम्हाला नवीन नाही. मग एक खुरपं असं करा, ज्याची मूठ जाड असेल आणि पिस्तुलासारखी वळलेली, म्हणजे मनगट सरळ राहील. एक लांब दांड्याचं, खुर्चीत बसून जमिनीवरचं तण काढता येईल असं. छाटणीची कात्री, आम्ही सिकेटर म्हणतो ती, टप्प्याटप्प्याने दाबली जाणारी मिळते. दोन-तीन हलक्या दाबांत फांदी तुटते. ती परदेशी बनावटीची आणि महाग असते. तिचा खटका मात्र अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि माझा अंगठा त्यालाच तयार नाही. खटका तळहाताने ढकलता येईल असा केला तर?

हातमोज्यांचंही बघा. माझी औषधं प्रतिकारशक्ती खाली ओढतात, त्यामुळे मातीत उघड्या हाताने जायला डॉक्टरांची मनाई आहे. गुलाबाच्या काट्यावाटे कातडीत शिरणारी एक बुरशी असते, तिची गाठ निघाली तर महिनोन्महिने औषध. खताची पिशवीही मी उघड्यावर, आधी पाणी शिंपडून उघडते, म्हणजे धूळ नाकात जात नाही. हे सगळं पाळायला मी तयार आहे. पण दुकानात मोजे मिळतात ते एक तर पुरुषी पंजाचे जाड चामडी, नाहीतर भांडी घासायचे रबरी. ज्याच्या बोटांचे सांधे सुजलेले आहेत त्याला बाही रुंद, बोटं सैल आणि तळव्याला पकड असलेला मोजा लागतो. शिंप्याला जमेल इतकं सोपं आहे.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या एका बाईच्या छंदासाठी विद्यापीठाने अवजार करायचं? छंदासाठी करू नका. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईसाठी करा. तिला हाच रोग होतो, ती मनगटाला चिंधी बांधून कामाला जाते, आणि ज्या दिवशी मूठ वळत नाही त्या दिवशी तिचा खाडा पडतो. मी हात दुखला की खुर्चीत बसते, तिची मजुरी बुडते. दांडा दोघींचा एकच आहे. तो तिच्यासाठी सुधारलात तर माझं काम आपोआप होईल. उलट मात्र होणार नाही, कारण माझ्यासाठी केलेलं अवजार ऑनलाइन दुकानात जाऊन बसेल.

या तिन्ही कामांत एक माणूस लागतो, ज्याला सहसा कोणी बोलावत नाही: ऑक्युपेशनल थेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ. दुखरा सांधा वाचवून तेच काम वेगळ्या रीतीने कसं करायचं, हा त्यांचा विषयच. बोटांऐवजी तळहात, तळहाताऐवजी कोपर, एका हाताऐवजी दोन, आणि अर्ध्या तासाला विश्रांती, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे या विद्येची पहिली शाळा 1950 मध्ये मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात निघाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी पुढे फलटणला शेती संशोधन संस्था उभी केली. आईने दुखऱ्या हातांचं पाहिलं, मुलाने मातीचं. एकाच घरात दोन्ही होतं. तुमच्या खात्यांमध्ये मात्र या दोन विद्यांची गाठ पडत नाही. बागेचा आराखडा वास्तुविशारद करतो, झाडं उद्यान खातं निवडतं, आणि उतार बांधून झाल्यावर फीत कापायला कोणाला तरी चाकाच्या खुर्चीतून आणतात. आराखडा कागदावर असतानाच एका थेरपिस्टला आणि आमच्यातल्या दोघा-तिघांना बोलवा. चहाही नको.

आणखी एक विनंती, पुष्पप्रदर्शनं भरवणाऱ्या संस्थांसाठीही. पुण्यात प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये प्रदर्शन भरतं, ते मी शक्यतो चुकवत नाही. तशी प्रदर्शनं गावोगाव भरतात. तिथे कृपा करून 'दिव्यांग गट' असा वेगळा कोपरा करू नका. आमच्या गुलाबाला उत्तेजनार्थ बक्षीस नको. कुंडी गाडीतून उतरवून मांडणीपर्यंत न्यायला चाकांची ढकलगाडी ठेवा, नाव नोंदवायचं टेबल गर्दीतून बाहेर काढा, आणि मग फूल इतरांच्या फुलांशेजारी ठेवून हरवा. हरलं तर वाईट वाटेल, तेवढं वाटू दे.

उद्यान अधीक्षकांना शेवटचं: सगळ्या शहराचा आराखडा नको. प्रत्येक प्रभागातल्या एका बागेत एक उंच वाफा, शेजारी नळ, दुपारचं फाटक. पावसाळा तोंडावर आला की माळी आणि गवंडी दोघेही मिळत नाहीत, त्यामुळे बांधायचं असेल तर उन्हाळ्यातच बांधा. जूनमध्ये पहिली पेरणी करता येईल. काय पेरायचं ते ज्याला वाफा मिळेल तो ठरवेल. त्यावर फलक लावायचा मोह आवरता आला तर फार बरं. लावलातच तर 'हात लावू नये' असा लावू नका.

मापं घ्यायला तुमच्यापैकी कोणी येणार असेल तर जरूर यावं, मी गच्ची, नळ, खुरपं सगळं दाखवीन. फक्त अकराच्या आधी येऊ नका. आणि बेल वाजवल्यावर जरा थांबा, कडी काढायला मला वेळ लागतो.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची काकू